मदत हवी आहे: बाईकवरून बार्बेक्यू जमेल, पण आइस्क्रीम?

मंडळी, रविवारच्या राइडला दुपारच्या थांब्यावर बार्बेक्यू आणि स्वतः केलेलं आइस्क्रीम, असा बेत शिजतोय. कोळसा, जाळी, चिमटा साइड बॅगेत बसतंय. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवं, म्हणून थर्मामीटरही घेतलाय.

गोची आहे बर्फाची. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो आणि दूध गोठतं, ते ठीक. पण तीन तासांच्या उन्हात तो टिकवायचा कसा? लादी न्यावी की चुरा? कच्चं चिकन आणि दुधाचं मिश्रण एकाच आइसबॉक्समध्ये ठेवायला मन धजत नाही. दोन बॉक्स बांधले तर बाईकचा तोल जाईल का?

आमच्यातला एक म्हणतो, डबा कॅरियरला बांधा, खड्डेच घुसळून देतील! कुणी खरंच करून पाहिलंय?