एका अक्षराचा घोटाळा : तुमचे अनुभव सांगा

अक्षर बरं आहे म्हणून वाचनालयातली शांततेची पाटी रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'प्लीज बी क्वाएट' लिहायचं होतं. टीच्या आधी यायचा ई मी टीच्या मागे रंगवला आणि झालं 'प्लीज बी क्वाइट', म्हणजे 'कृपया अगदी व्हा'. पाटी वर्षभर तशीच टांगलेली होती. शांतताही होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

आपण बोलतो तसं लिहिणारी माणसं. इंग्रजी शब्द कानाने शिकतो आणि लिहायला बसलं की डोळा फसतो. तुम्हाला अशा जुळ्या शब्दांनी कुठे तोंडघशी पाडलं? येऊ द्या. स्पेलिंगसुद्धा देवनागरीतच सांगायचं, ही एकच अट.

*

नोकरीच्या अर्जात 'सीनियर मॅनेजर'मधला दुसरा ए गळला. उरला 'मेंजर'. मेंजर म्हणजे गुरांची गव्हाण. पाच वर्षं मी सीनियर गव्हाण होतो, असा अर्ज अकरा ठिकाणी गेला. संगणकाने लाल रेघ ओढली नाही, कारण शब्द चुकीचा नव्हताच!

*

माझा अनुभव हसण्यासारखा नाही. मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही दोन औषधं. दोन्ही कर्करोगावरची, दोन्ही मुळात सदाफुलीपासून मिळालेली, नावाची सुरुवात तीच, शेवट तोच. फरक काय तो मधल्या तीन अक्षरांचा. पण व्हिनक्रिस्टिनचा डोस दुसऱ्यापेक्षा बराच कमी असतो, आणि ते जास्त गेलं तर मज्जातंतूंना गंभीर इजा होते. मी नवी होते तेव्हा चिठ्ठीवर एक नाव आणि माझ्या ट्रेमध्ये दुसरी बाटली, असं एकदा झालं. दुसऱ्या तपासणीत सहकाऱ्याने नुसतं बोट ठेवलं, बोलला काहीच नाही. माझे हात गार पडले.

आता आमच्याकडे लेबलवर 'क्रिस' आणि 'ब्लास' एवढाच तुकडा कॅपिटलमध्ये छापतात, बाकीचं नाव लहान अक्षरांत. याला टॉल मॅन लेटरिंग म्हणतात. नाव दिसायला अगदी बेढब होतं. तसंच व्हायला हवं, वाचणाऱ्याचा डोळा तिथे अडखळला पाहिजे.

*

वरचं वाचून माझं अगदीच फुटकळ वाटतंय, तरी लिहितो. 'इन' लागलं की अर्थ उलटा होतो एवढं व्याकरण मला पक्कं होतं. इनव्हिजिबल, इनकरेक्ट वगैरे. त्यामुळे 'इनफ्लेमेबल' लिहिलेला डबा म्हणजे न पेटणारा, असं समजून मी तो खुशाल शेगडीजवळ ठेवला. बायकोने ओरडून उचलला. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारं. हे 'इन' नकाराचं नाही, लॅटिनमधलं 'आत' अशा अर्थाचं आहे. हे मला डबा उचलल्यानंतर कळलं.

*

मी इंग्रजी शिकवते. ओ-यू-जी-एच हा दरवर्षीचा छळ. टफ, दो, थ्रू, कॉफ. शेपूट तेच आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. एका मुलाने विचारलं, "बाई, ही माणसं एकदा काय ते ठरवत का नाहीत?" म्हटलं, ठरवलं होतं रे. हा जीएच पूर्वी घशातून, साधारण ख सारखा उच्चारत. स्कॉटलंडमध्ये तळ्याला अजून 'लॉख' म्हणतात, त्यातला तो शेवटचा आवाज. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि पुढे हळूहळू स्पेलिंगं छापील ठशात घट्ट बसली. उच्चार मात्र बदलत राहिले. कुठे तो ख गळाला, कुठे त्याचा फ झाला. पोराने शांतपणे विचारलं, "मग आपण परत ख म्हटलं तर?" पुढचा आठवडाभर वर्ग 'टख' आणि 'थ्रूख' म्हणत होता.

पाठांतराच्या युक्त्याही मुलंच काढतात. स्टेशनरी दोन: ए-वाली 'अचल', ई-वाली एन्व्हलपची. मुळात दोघी एकाच घरच्या. फिरत्या विक्रेत्यांच्या काळात एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. प्रिन्सिपलची युक्ती तर मी वर्गाबाहेर सांगत नाही: ज्याच्या शेवटी पी-ए-एल, म्हणजे पाल असते, ते मुख्याध्यापक.

*

इंग्रजीला हसताय, हसा. पण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, हे आपलंच ना? 'जागतिक महिला दीन' असा फलक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. खाली आयोजकांची नावं ठळक अक्षरांत, सगळे पुरुष.

*

अहो गव्हाणवाले, नोकरीचं काय झालं मग?

*

मिळाली की! मुलाखतीत पहिला प्रश्न तोच होता, "चारा कोण टाकायचं?" मी त्यांच्याच जाहिरातीचं कात्रण पुढे केलं. त्यांना हवा होता पर्सोनेल मॅनेजर, कर्मचाऱ्यांचं बघणारा. एक एन खाऊन आणि ईच्या जागी ए टाकून छापलं होतं 'पर्सनल मॅनेजर', म्हणजे खासगी. साहेबांनी चष्मा काढून दोनदा वाचलं आणि चहा मागवला.