मदत हवी आहे: एसी आणि हेडलाईट लावले की गाडी मिसिंग करते

रानवारा: दिवसा गाडी ठणठणीत. रात्री एसी, हेडलाईट दोन्ही चालू असले की आयडलिंगला थरथरते, चढावर घुसमटते. चारही प्लग नवे, एक कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देते ती) नवी, बॅटरीसुद्धा नवी. उद्या रात्री लांब जायचंय, लवकर सांगा.

चकमक: गाडी कुठली, किती चाललीय? चार्जिंगचा दिवा लागतो का?

पानापोटी: प्लगचा गॅप तपासला का? माझ्या गाडीला नव्या प्लगनेच त्रास दिला होता. गॅप मोजून बसवा, काम होईल.

रानवारा: पेट्रोल, नऊ वर्षं जुनी. दिवा लागत नाही. म्हणून चार्जिंगकडे पाहिलंच नाही.

जुनाजाणता: सोपी युक्ती. इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) गेला.

चकमक: कृपा करून हे करू नका! बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हे खपायचं. मल्टिमीटर लावा ना.

जुनाजाणता: तीस वर्षं करतोय, एकही गाडी जळली नाही.

चकमक: दादा, अनुभवाचा मान आहेच, पण यांच्या गाडीवर तो प्रयोग नको. रानवारा, इंजिन चालू ठेवून सगळं लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवं. व्होल्टेज पडलं की कॉइलमध्ये तेवढ्याच वेळात करंट कमी चढतो, ठिणगी दुबळी होते. ईसीयू कॉइल चार्ज करायची वेळ वाढवून सांभाळून घेतो, पण एका मर्यादेपर्यंतच. शिवाय इंजेक्टर उशिरा उघडतो, पेट्रोल पंप मंदावतो. तुम्हाला मात्र सगळं प्लग बिघडल्यासारखंच वाटतं.

दिवटी: हेडलाईट एलईडी करून टाका, लोडच कमी होईल.

रानवारा: सगळं बंद असताना 13.9, सगळं लावलं की 11.8! बेल्ट घट्ट आहे, ओरडत नाही. अल्टरनेटर बदलू?

चकमक: थांबा, खर्च करू नका. लोड तसाच ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुट नटवर, दुसरी त्याच्याच बॉडीवर. मग इंजिन ब्लॉक ते बॅटरीचं निगेटिव्ह. हात बेल्टपासून लांब.

रानवारा: अल्टरनेटरवर 14.2. ब्लॉक ते निगेटिव्ह 2.1.

चकमक: सापडलं! तिथे 0.2 च्या आत यायला हवं. इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी अर्थिंगची पट्टी बघा.

रानवारा: पट्टीचा बोल्ट हातानेच फिरला. खाली हिरवी बुरशी, निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी टाकली, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. आता सगळं लावून 14.0. अर्धा तास उभी ठेवली, थरथर नाही. जुनी कॉइल परत लावून बघू का? ती बिचारी चांगलीच असणार.

पानापोटी: तरी एकदा गॅप बघाच.