शब्दचर्चा: ‘लोअर गिअर’ म्हणजे कमी गुणोत्तर की जास्त?

पानोपानी
सुझुकी सामुराई म्हणजे आपल्या जिप्सीची भावंडगाडी. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सकडून येणारा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी; तिच्यात वेगासाठी ‘हाय’ आणि ताकदीसाठी ‘लो’ असे दोन टप्पे) बसणाऱ्या ४.१६ गिअर सेटचं माहितीपत्रक मराठीत करतेय. वाचणार आपले जिप्सीवाले आणि त्यांचे मेकॅनिक. मूळ वाक्याचा आशय साधा आहे: मोठे टायर लावले असतील तर ट्रान्सफर केसला लोअर गिअर घाला. मी लिहिलं, ‘कमी गुणोत्तराचे गिअर बसवा’. कच्चा मजकूर वाचणाऱ्या मेकॅनिकने त्यावर रेघ मारून बाजूला लिहिलं, ‘उलटं झालंय. २.२७ चं ४.१६ होतंय, कमी कुठे?’ त्याचं म्हणणं पटलं. पण ‘जास्त गुणोत्तराचे’ लिहिलं, तर लो म्हणजे कमी एवढंच ठाऊक असलेला गोंधळणार. ‘खालचे गिअर’ म्हटलं की पहिला-दुसरा डोळ्यांपुढे येतो. काय लिहावं?

दातेरी
मेकॅनिकचंच बरोबर आहे. गुणोत्तर म्हणजे आत येणारे फेरे भागिले बाहेर पडणारे फेरे. सामुराईच्या ट्रान्सफरचा मूळ हाय १.४०९, लो २.२६८. या सेटमध्ये हाय १.५८ आणि लो ४.१६. आकडा चढतो, चाकाचा वेग उतरतो, जोर वाढतो. ‘लो’ हा वेगाबद्दलचा शब्द आहे, तो तुम्ही गुणोत्तराला जोडलात म्हणून वाक्य उलटलं.

पत्रकात गणित जरूर द्या, शब्द चुकला तरी आकडा वाचवेल. पहिला गिअर ३.६५२, क्राऊन-पिनियन (चाकांच्या आसावरची शेवटची गिअरजोडी) ३.७२७. मूळ लोमध्ये ३.६५२ × २.२६८ × ३.७२७ म्हणजे ३०.९. सेट घातल्यावर ५६.६. इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं धुगधुगत असताना २८ इंची टायरवर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने जायची, ती १.९ ने जाईल. दगडांवर चढवताना क्लच अर्धा दाबून धरावा लागत नाही, हा खरा फायदा.

लो_दुसरा
शेतात हा प्रश्न केव्हाच सुटलाय. ट्रॅक्टरला हाय-लोचा दांडा वेगळा असतो आणि बोलताना आधी लो, मग आकडा: ‘लो दुसऱ्यात रोटर मार’, ‘रस्त्याला लागलास की हाय टाक’. लो म्हणजे सावकाश आणि ताकदीचा, हे पोरासोरांना कळतं. ‘लो अजून लो करणारा सेट’ लिहा. एकही माणूस चुकणार नाही.

शब्दकण
लो, हाय, रेशो, सेट, गिअर. मग मराठीत उरलं काय, विभक्तिप्रत्यय? आपल्याकडे मंद आणि जलद यांसाठी घडीव शब्द आहेत. गाण्यात मंद्र आणि तार. ‘मंद्र श्रेणी’ म्हणा, ‘तार श्रेणी’ म्हणा. गिअरला दंतचक्र आहेच. ‘मंद्र श्रेणीची दंतचक्रे’ हे वाचायला जड वाटेल, पण दहा वेळा छापलं की रुळेल. ‘ध्वनिक्षेपक’ नाही रुळला?

घाटउतार
मंद्र म्हणजे स्वर खाली, लय हळू नव्हे. मंद्रातही द्रुत तान घेता येते. वेगाचाच शब्द हवा तर ‘ठाय’ घ्या: ठाय, दुगुन, चौगुन. तिथे तर गुणोत्तरही आहे.

दंतचक्राबद्दल माझा आक्षेप जास्त ठाम आहे. दंतचक्र हे एक चाक, त्याला दाते. ‘खालच्या गिअरवर घाट उतर’ म्हणतो तेव्हा आपण चाकाबद्दल बोलत नसतो, गाडीच्या स्थितीबद्दल बोलत असतो. ‘खालच्या दंतचक्रावर घाट उतर’ हे मराठी नाही. इंग्रजीतसुद्धा हा शब्द जुन्या नॉर्सच्या ‘गेर्वी’वरून आला, अर्थ साजसरंजाम. दाते त्याला नंतर फुटले.

रहाटगाडगं
दाते म्हटल्यावर रहाट विसरू नका. संस्कृत अरघट्ट, प्राकृत अरहट्ट, आपला रहाट. बैल फिरवतो ते आडवं चाक आणि विहिरीवरचं उभं चाक खुंट्यांनी एकमेकांत अडकतात, म्हणजे गिअरच. तेव्हा शब्द नव्हता असं नाही, आपण तो यंत्राकडे नेला नाही.

सायकलवाल्यांचा शब्दही बघा: ‘हलका गिअर’, ‘जड गिअर’. पायाला काय वाटतं त्यावरून. ४.१६ हा इंजिनाच्या दृष्टीने हलका गिअर. ‘हलके गिअर बसवा’ का नाही?

दातेरी
कारण गॅरेजात ‘हलका माल’ म्हणजे निकृष्ट माल. पत्रकात ‘हलके गिअर’ छापलं की विक्री तिथेच थांबली.

पानोपानी
‘ठाय’ आवडला, पण मेकॅनिकपर्यंत पोचणार नाही. पुढचा अडथळा टॉर्क. मी ‘पीळ’ लिहिलंय: ‘शाफ्टवरचा पीळ ८३ टक्क्यांनी वाढतो.’ चालेल?

दातेरी
आकडा बरोबर, ४.१६ भागिले २.२६८ म्हणजे १.८३. शब्द धोक्याचा. ‘शाफ्टला पीळ बसला’ याचा गॅरेजातला अर्थ शाफ्ट पिळवटला, बाद झाला. तुमचं वाक्य वाचून माणूस सेट घेणारच नाही. ‘जोर’ लिहा.

आणि तो जोर कुठे जातो तेही लिहा, नाहीतर पत्रक अर्धवट राहील. सामुराईची ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मधे आखूड शाफ्ट, आणि ट्रान्सफर तीन हातांवर रबरी बुशांत टांगलेली. जोर वाढला की ती अंगभर वळायला बघते. जुने बुश फाटतात, मग हाताला चीर जाते, शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) तुटतो. सेटबरोबर मजबूत माउंट त्याच वेळी घालायचे. त्यानंतरची कमजोर जागा म्हणजे मागचे हाफ शाफ्ट आणि पुढच्या चाकातले सीव्ही जॉइंट.

शब्दकण
‘जोर’ फारसी आहे, ‘पीळ’ आपला. फारसी चालतो, इंग्रजीही चालतो, फक्त मराठीलाच गॅरेजात मज्जाव, असं का?

लो_दुसरा
मज्जाव कुणी केलेला नाही. पाटे, दाते, फेरे, आटे, चावी, पाना हे सगळे गॅरेजातलेच शब्द आहेत. जो शब्द हातात बसतो तो राहतो. ‘पीळ’ही राहिलाय, वेगळ्या अर्थाने. त्याचा अर्थ टेबलावर बसून बदलता येणार नाही.

घाटउतार
मूळ प्रश्न मोठ्या टायरचा होता. तिथेच वाक्य सुटतं असं मला वाटतं. सामुराईचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, व्यास साधारण २६.३ इंच. त्या जागी ३१ इंची लावला तर व्यास १८ टक्के वाढतो, म्हणजे गाडी तेवढी ‘उंच गिअरवर’ गेल्यासारखी होते. चौथ्यात चढ ओढेना, पाचवा निरुपयोगी. ४.१६ च्या सेटचा हाय १.४०९ वरून १.५८ होतो, तेव्हा १२ टक्के परत मिळतात. म्हणून तो रस्त्यावरही उपयोगी पडतो. टायर २८ चाच असेल तर हायमध्ये इंजिन उगाच जास्त फिरेल, ते ग्राहकाला आधी सांगा. वाक्य असं करा: ‘टायर मोठा केल्याने गेलेली ताकद परत आणणारे गिअर.’ लो नको, कमी नको, जास्त नको.

स्वस्तातला दुसरा उपाय म्हणजे सामुराईच्याच घराण्यातल्या, लहान इंजिनाच्या एसजे ४१० ची ट्रान्सफर: हाय १.५८०, लो २.५११. रस्त्यावर फरक तेवढाच, दगडांवर मात्र फारसा नाही.

रहाटगाडगं
‘ताकद परत आणणारे’ ही जाहिरात झाली, संज्ञा नाही. पत्रकात तोच शब्द चाळीस वेळा येणार. संज्ञा आखूड हवी.

दातेरी
मग आकड्यालाच संज्ञा करा. ट्रान्सफर उघडल्याशिवाय गुणोत्तर कसं ओळखतात? बाकावर ठेवा, लोमध्ये टाका, आतल्या आणि मागच्या फ्लॅंजवर (शाफ्ट जोडायच्या चकत्यांवर) खडूची खूण करा. मागचा फ्लॅंज चार फेरे फिरेपर्यंत आतला किती फिरतो ते मोजा. नऊ आले तर सामुराईची, दहा आले तर ४१० ची. जुन्या बाजारातून घेताना हीच परीक्षा. नऊला चार म्हणजे सव्वादोन, दहाला चार म्हणजे अडीच. ‘अडीचाची ट्रान्सफर’, ‘सव्वादोनाची ट्रान्सफर’. यात लोही नाही आणि गोंधळही नाही. पुढचं माणूस स्वतः ताडतो: अडीच फेऱ्यांना एक, म्हणजे जास्त सावकाश.

रहाटगाडगं
वा! मग ‘अडीचकी’च म्हणा की. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाढ्यांची ही नावं म्हणजे शुद्ध गुणोत्तरंच, आणि कुणाला नवीन घडवायचीही नाहीत.

शब्दकण
हे मला मनापासून मान्य. अडीच म्हणजे अर्धतृतीय, ‘तिसरा अर्धा’, प्राकृतात अड्ढाइज्ज. औट म्हणजे अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ, साडेतीन. देहाला औट हात म्हणतात तो हाच.

लो_दुसरा
औटकी आज कुणाला येते? पंचवीस वर्षांच्या मेकॅनिकला ‘औटकी’ सांगण्यापेक्षा ‘साडेतीन’ सांगा.

शब्दकण
शिकवली नाही म्हणून येत नाही. अडीचकी तर अजून कानावर आहे.

पानोपानी
सेट ४.१६ चा आहे, त्याला ‘सव्वाचाराचा’ म्हणू का? पत्रकात जोडणीचा भागही आहे. त्यात काही राहू नये म्हणून सांगा: तेल काढणे, तिन्ही शाफ्ट खुणा करून सोडणे, मीटरची केबल आणि फोर बाय फोरच्या दिव्याची वायर काढणे, मग केस उघडणे, एवढं लिहिलंय.

दातेरी
दांड्यांचे गोळी आणि स्प्रिंग आधी काढा हे ठळक लिहा. नाहीतर दांडा ओढताच गोळी उडते आणि बाकाखाली शोधत बसावं लागतं. मधल्या शाफ्टची ओ-रिंग नवीनच घालायची, जुनी ठेवली की तिथूनच तेल पाझरतं. दाते केसच्या आतल्या भिंतीला घासत नाहीत ना ते बंद करण्याआधी हाताने फिरवून बघायचं, टू हाय, फोर हाय आणि फोर लो तिन्हीत. घासत असेल तर तेवढीच जागा ग्राइंड करून केस धुऊन काढा, बारीक चुरा राहिला तर नीडल बेअरिंग खातो. तेल ०.८ लिटर. मीटरची केबल ट्रान्सफरच्या बाहेर पडणाऱ्या बाजूवर चालते, त्यामुळे या सेटने मीटर चुकत नाही, टायरने चुकतं.

आणि ‘सव्वाचार’ नको. सव्वाचार म्हणजे ४.२५. हा चार आणि एक षष्ठांश आहे. बाकावर मोजलंत तर बाहेरच्या सहा फेऱ्यांना आतले पंचवीस येतात. सव्वाचार असता तर साडेपंचवीस आले असते.

रहाटगाडगं
एक षष्ठांशाची ‘की’ पाढ्यात कधी होती का? पाव, अर्धा, पाऊण यांच्या पलीकडे मला आठवत नाही.