महिन्याला ६०० किमी चालवणाऱ्याने नवी सीएनजी गाडी घेणं म्हणजे उधळपट्टी (चर्चा)

कोयनाकाठ

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. ज्यांची गाडी महिन्याला सहाशे किलोमीटरच्या वर जात नाही त्यांनी नवी गाडी घेऊ नये, आणि सीएनजी तर मुळीच घेऊ नये. चार-पाच वर्षं वापरलेली, सिंगल हँड (एकाच मालकाची), साधी छोटी पेट्रोल हॅचबॅक घ्यावी आणि उरलेले पैसे बँकेत पडू द्यावेत.

आमचंच उदाहरण घ्या. घर कराडला. मी आणि बायको दोघंही कामाला स्कूटरवर. गाडी लागते ती दर दोन महिन्यांनी आईला पुण्याला डॉक्टरकडे न्यायला, लग्नकार्याला, आणि मे महिन्यात कुंभार्ली उतरून चिपळूणला सासुरवाडीला. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे खाली वाकून बसावं लागतं अशी प्रत्येक गाडी बाद. उरली मारुतीची वॅगन-आर. शोरूममध्ये पेट्रोल व्हीएक्सआय साडेपाच लाख सांगितली, सीएनजी ६ लाख ४०. दोन्ही एक्स-शोरूम (रोड टॅक्स, विमा वेगळा), म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानंतरचे भाव.

आता हिशोब. पेट्रोल १०४ धरा, अॅव्हरेज १८ (कंपनी २४ सांगते, ते कंपनीच्या रस्त्यावर). किलोमीटरला पावणेसहा रुपये. सीएनजी ९२, अॅव्हरेज २६, म्हणजे साडेतीन. फरक सव्वादोन रुपयांचा. वरचे ९० हजार वसूल व्हायला ४० हजार किलोमीटर पळावं लागेल. आमच्या चालीने साडेपाच वर्षं.

आणि ओळखीत २०२१ ची पेट्रोल वॅगन-आर चार लाखांत मिळतेय. तिचा रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला. नव्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के, म्हणजे साठ हजार सरकारला दिले की गेले, विकताना कोणी परत देत नाही.

बोला.

एमएच११_डेली

साहेब, टॅक्सचं काढलंत आणि तिथेच चुकलात. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, पण सीएनजीला ८. (२०२५ आधी तर ७ होता, वाढवला.) ६ लाख ४० चे ८ टक्के ५१ हजार, साडेपाच लाखांचे ११ टक्के साडेसाठ हजार. नऊ हजार तिथेच वाचले, तुमचे ९० चे ८१ झाले.

मी रोज सातारा–कराड जाऊन येऊन शंभर किलोमीटर करतो. सवा वर्षात वरचे सगळे पैसे फिटले, आता निव्वळ फायदा. आणि सीएनजी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक दारात उभं राहतं, तेही हिशोबात धरा. 'सीएनजी मुळीच नको' हे तुमचं तुमच्यापुरतं.

कोयनाकाठ

टॅक्सचं मान्य, विसरलो होतो. ८१ हजार धरले तरी ३६ हजार किलोमीटर, म्हणजे मला पाच वर्षं. साडेपाचची पाच झाली एवढंच. आणि मी शीर्षकातच ६०० किमी लिहिलंय दादा, तुमचे महिन्याला अडीच हजार होतात. तुम्ही घ्याच सीएनजी.

पण पैशांपलीकडचं एक सांगतो. मागच्या दिवाळीत मेहुण्याची सीएनजी गाडी घेऊन पुण्याला गेलो होतो. हायवेवरच्या पंपावर रांग पाऊण तासाची. नंबर लागला तेव्हा पंपावरचा पोरगा म्हणाला, सगळे खाली उतरा. नियमच आहे तो, त्याची काही चूक नाही. आईला काठी देऊन उतरवलं, उन्हात भिंतीला टेकवून उभं केलं, गॅस भरल्यावर पुन्हा चढवलं. व्हीलचेअर डिकीत मावली नव्हती, कारण डिकीत टाकी. ती मागच्या सीटवर, आईच्या मांडीला लागून. त्या दिवशी किलोमीटरला सव्वादोन रुपये वाचले खरे.

एमएच११_डेली

डिकीचं म्हणाल तर टाटाने मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या तळाशी घातल्यात, बॅग मावते. उतरावं लागतं त्याला मात्र इलाज नाही.

हप्तेवारी

बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो, म्हणून बोलतो. 'सेकंड हँड स्वस्त' हे रोखीने घेणाऱ्याचं वाक्य आहे. नव्या गाडीला साधारण ९ टक्क्यांनी कर्ज होतं, जुनीला १३ च्या आसपास. पाच वर्षांची मुदत धरा. साडेपाच लाखांवर ९ टक्क्यांनी हप्ता ११,४०० आणि एकूण व्याज १ लाख ३५ हजार. चार लाखांवर १३ टक्क्यांनी हप्ता ९,१०० आणि व्याज १ लाख ४६ हजार. दीड लाख कमी उचलून अकरा हजार व्याज जास्त! टेबलापलीकडे हा आकडा सांगितला की माणूस माझ्या कॅल्क्युलेटरकडे संशयाने बघतो.

शिवाय नवीला तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर वॉरंटी. जुनीला तुमचा हात आणि तुमचं कपाळ.

कोयनाकाठ

हे खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडे तीन लाख रोख आहेत, एकच लाख उचलायचा आहे, म्हणून मला झळ कमी. पण पूर्ण कर्जावर घेणाऱ्याने माझं ऐकू नये, एवढं कबूल.

दोन_पोरांची_आई

सगळे रुपयावर बोलताय. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षेला पाचपैकी स्टार देणारी संस्था) वॅगन-आर आपटली तेव्हा मोठ्यांसाठी एक स्टार मिळाला आणि मुलांसाठी शून्य. शून्य म्हणजे शून्य. आता सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना देतात, चांगलंच आहे, पण तुम्ही २०२१ ची घेताय, तिच्यात फार तर दोनच असणार. पुणे–सातारा रस्त्यावर कंटेनरच्या मधून जाताना मला एअरबॅग मोजायच्या नाहीत, मला पत्रा दुमडू नये असं वाटतं. टाटाच्या टियागोला २०२० मध्ये चार स्टार होते, टाटाच्याच पंचला २०२१ मध्ये पाच. त्याच पैशात तीन-चार वर्षांची टियागो मिळते. मग एक स्टारची का घ्यायची, याचं उत्तर द्या.

गॅरेज_उंब्रज

ताई, उत्तर मी देतो. बावीस वर्षं गाड्या उघडतोय. माझ्या दारात टोचन लावून गाडी येते तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न 'संध्याकाळी मिळंल का?' हाच असतो. वॅगन-आरची क्लच प्लेट, लिंक रॉड, बुश, काय म्हणाल ते कराडात तीन दुकानांत पडलंय. पोरगं मोटरसायकलवर जाऊन तासाभरात आणतं. बाकीच्यांचे काही पार्ट पुण्यावरनं मागवावे लागतात, गाडी चार-चार दिवस माझ्या अंगणात. भरवशाची गाडी म्हणजे न बिघडणारी नव्हे बगा. बिघडली तर तालुक्यात दुरुस्त होणारी.

तरी तुमचं स्टारचं खोडत नाय. ठोकलेल्या गाड्या मीच कापतो, पत्रा कुठं मुडपतो ते मला दिसतं. फक्त एक ईचारतो, मागं बसणारं कोण बेल्ट लावतंय? माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्यांत मागचं बकल सीटकव्हरच्या खाली गाडलेलं असतं. कव्हर शिवणाऱ्यानं भोकच पाडलेलं नसतं!

दोन_पोरांची_आई

बकलचं बरोबर बोललात दादा, आत्ता खाली जाऊन बघून आले. आमचंही डाव्या बाजूचं गाडलेलं होतं. पाच स्टारच्या गाडीत.

पण २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते मर्सिडीजमध्ये, मागच्या सीटवर, बेल्ट नसताना. म्हणून काही मर्सिडीजवाले आता साधा पत्रा मागायला लागले नाहीत. दोन्ही लागतं, पत्राही आणि बेल्टही.

पेट्रोलपंपी

२०२१ च्या गाडीला ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का ते कोणी बोलेना. ई-२० साठीच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येतात. पंपावर तर आता तेच मिळतं.

गॅरेज_उंब्रज

त्यापायी इंजिन उतरवलंय अशी गाडी माझ्याकडं अजून आली नाय. अॅव्हरेज एक-दीडनं पडलं म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं, ते खरं. जुनी घेतलीच तर पेट्रोलचे रबरी पाइप तपासून घ्या, कडक झाले असले तर बदला. लाखाचं काम नाय ते.

लाल_डबा

कोयनाकाठ, तुमच्याच पद्धतीने तुम्हाला पकडतो. तुम्ही सीएनजीला वर्षं मोजलीत, मग गाडीलाही मोजा. वर्षाला ७,२०० किलोमीटर. पेट्रोल ४१ हजार. विमा १२ धरा. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून सरासरी १०. चार लाखांची गाडी सहा वर्षांनी दोनला विकली तर वर्षाचा घसारा ३३. बेरीज ९६ हजार. आता तेच ७,२०० किलोमीटर भाड्याच्या गाडीने, १३ रुपये दराने: ९३,६००. ड्रायव्हरचा भत्ता धरला तरी बरोबरीत सुटतं, आणि पंक्चर काढायला तुम्हाला वाकावं लागत नाही.

वर एसटी आहेच. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, आणि आई पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील तर त्यांना फुकट. तुमच्या तर्काने तुम्ही कुठलीच गाडी घ्यायला नको.

कोयनाकाठ

हा घाव बसला. बेरीज दोनदा तपासली, चूक सापडत नाही.

तरी घेणार. आईला एसटी फुकट आहे, पण एसटीच्या पायऱ्या चढता येत नाहीत. आणि भाड्याची गाडी सांगायची म्हणजे आदल्या रात्री फोन, मग तो म्हणणार सकाळी सहाला निघू, मग येणार सव्वासातला. गेल्या पावसाळ्यात आईला रात्री धाप लागली तेव्हा तिघांना फोन केले, एकानेही उचलला नाही. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली. तिला काही झालं नाही, पण शेजाऱ्यांचं दार वाजवतानाची ती दोन मिनिटं वर्षाच्या दोन-अडीच हजारांपेक्षा महाग पडली.

लाल_डबा

रात्री १०८ ला फोन करायचा, रुग्णवाहिका येते. पण कळलं. घ्या.

मगरमिठी

जुनी घेणाऱ्यांनो, माझं ऐकून मग घ्या. २०२२ मध्ये पुण्यात एका डीलरकडून २०१९ ची हॅचबॅक घेतली. पासिंग एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं. चकाचक. आतून नव्यासारखा वास, तो अत्तराचा होता हे नंतर कळलं. पहिल्या पावसात खिडकीचं बटण दाबलं की वायपर हलायचा. हसू नका. मग हेडलाइट, मग एअरबॅगचा दिवा. शेवटी इलेक्ट्रिशियनने ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. रोज वापरतो तेवढा भाग स्वच्छ. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, त्यावर आडवी पिवळट रेघ आणि बोटाला लागेल असा वाळका गाळ. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. गाडी छातीभर पाण्यात उभी होती. डीलर म्हणाला, आम्हालाही माहीत नव्हतं. ८५ हजार वायरिंगमध्ये घातले आणि दीड लाखाचं नुकसान सोसून विकली. घेणाऱ्याला सगळं सांगून विकली, म्हणूनच एवढं नुकसान.

कोयनाकाठ, तुमची गाडी २०२१ ची आणि सासुरवाडी चिपळूण. ओळखीतली म्हणताय ती नेमकी कोणाच्या ओळखीतली?

कोयनाकाठ

अरे देवा. मेव्हण्याच्याच.

हप्तेवारी

घाबरू नका, तपासा. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा आहे का ते बघा. कर्ज फिटलेलं असतं पण बोजा उतरवलेला नसतो असं आठवड्याला एक प्रकरण माझ्यासमोर येतं. दंडाची चलनं थकलीत का बघा. आणि विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. विम्याचा आकडा त्या हिशोबाने धरा.

कोयनाकाठ

रविवारी जाऊन आलो. गाडी चिपळूणची नाही, पाटणची. मेव्हण्याच्या मित्राने डिसेंबर २०२१ मध्ये घेतलेली, म्हणजे पुरानंतर. तरी चारही बेल्ट ओढले, मालक माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. स्वच्छ. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नंबर सांगून सर्व्हिसचा इतिहास काढला, शेवटची नोंद ३८ हजारांची आणि मीटरवर ४१.

ताईंचं ऐकून वाटेत एक जुनी पंचही बघितली. आईला बसवून पाहिलं. तिने एक पाय आत टाकला, हातात काठी तशीच, आणि म्हणाली, 'ह्यात बसायचं का चढायचं?' वॅगन-आरमध्ये मात्र पाठ टेकवून सरळ बसली, पाय आपोआप आत आले. टियागो खाली पडते तिला. एक स्टारचं ओझं डोक्यावर घेऊनच ही घेतोय ताई, खोटं बोलत नाही. मागच्या सीटकव्हरला भोकं पाडून घेतली आहेत, दोन्हीकडे.

मालक म्हणतो चारही टायर नुकतेच घातलेत. ते तेवढं चांगलं आहे.

गॅरेज_उंब्रज

टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चारावर बघितलेच असतील. स्टेपनीवर बघा. मीटर मागं फिरवणारा चार टायर बदलतो, स्टेपनी इसरतो. स्टेपनी गाडीच्याच सालाची आणि कमी झिजलेली असली तर ४१ हजार खरं. टक्कल पडलेली निघाली तर त्याला इचारा, ४१ हजारांत पाचवं टायर कुठं घासलं म्हणून.