नॅशनल रजिस्टरवरचं जुनं घर आणि बार्न: काय बदलता येतं, काय नाही?

ओसरी
अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीत १८५० च्या सुमाराचं विटांचं घर आणि मागचा लाकडी बार्न (शेतीचं कोठार) विक्रीला आहे. दोन्ही एकाच नोंदीखाली नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस या केंद्र सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीवर आहेत. बार्न दुरुस्त करून समारंभांसाठी भाड्याने द्यायचा बेत आहे. एजंटच्या मते खिडकी बदलायलाही सरकारी परवानगी लागते. काउंटीच्या कचेरीत म्हणतात, काही बंधन नाही. खरं काय? शिवाय घराच्या विटांचे सांधे पोकळ झालेत, ते सिमेंटने भरले तर चालतील का?

जुनी_चौकट
नुसत्या रजिस्टरपुरतं बोलायचं तर काउंटीचं बरोबर आहे. १९६६ च्या कायद्याने हे रजिस्टर सुरू झालं, पण खाजगी मालक स्वतःच्या पैशाने काम करत असेल आणि त्यात केंद्राचा निधी, परवाना वा मंजुरी नसेल, तर रजिस्टर त्याला अडवत नाही. तो इमारत पाडूही शकतो, हे दुर्दैवाने खरं आहे.

अडवतात त्या दुसऱ्या गोष्टी. एक, स्थानिक कायदा: काउंटीची किंवा गावाची स्वतःची यादी असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलाला आधी मान्यता घ्यावी लागते. दोन, इझमेंट. आधीच्या मालकाने एखाद्या संस्थेला संरक्षणाचा हक्क लिहून दिला असेल तर तो पुढच्या प्रत्येक मालकावर लागू होतो. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीतलं वॉटरफर्ड गाव मुख्यतः अशा इझमेंटांमुळेच टिकलंय. हा करार रजिस्टरच्या अर्जात सापडणार नाही, खरेदीखतांच्या नोंदींत सापडेल. टायटल सर्च करणाऱ्याला हे मुद्दाम शोधायला सांगा.

तिसरं, त्याच १९६६ च्या कायद्याचं कलम १०६. पार्किंगसाठी ओढ्यात भराव घालायला आर्मी कोअरचा (लष्कराच्या अभियंता विभागाचा) परवाना घेतलात किंवा केंद्रीय कृषी खात्याचं कर्ज काढलंत, की त्या खात्याला वास्तूवर होणारा परिणाम तपासावाच लागतो. त्यातून बंदी येतेच असं नाही, पण वेळ जातो.

आणि बार्न हलवायचा विचार असेल तर आधी मंजुरी घ्या. न घेता हलवला की रजिस्टरवरून नाव जातं.

ताळेबंद
भाड्याने देणार असाल तर दुरुस्तीच्या खर्चाच्या २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्राच्या करात थेट सूट) मिळू शकतं. मालक स्वतः राहतो त्या घराला ते नाही. खर्च २४ महिन्यांत इमारतीच्या ‘अॅडजस्टेड बेसिस’पेक्षा जास्त (आणि किमान ५,००० डॉलरच्या वर) व्हायला हवा. बेसिस म्हणजे ढोबळमानाने खरेदी किंमत वजा जमिनीची किंमत, वजा घसारा, अधिक आधीच्या सुधारणा. क्रेडिट ५ वर्षांत विभागून मिळतं आणि ५ वर्षांच्या आत विकलंत तर काही भाग परत करावा लागतो.

अर्ज राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसमार्फत नॅशनल पार्क सर्व्हिसकडे जातो. तुमच्या नोंदीत एकाहून अधिक इमारती आहेत, म्हणून अर्जाचा भाग १ (कोणती इमारत ऐतिहासिक, हे ठरवणारा) लागेल. भाग २ मध्ये कामाचा आराखडा असतो. तो मंजूर होण्याआधी काम सुरू करणं म्हणजे मोठी जोखीम. भाग ३ काम संपल्यावर.

बार्नचे अर्ज बहुधा आतल्या कामावर अडकतात. उंच मोकळी जागा खोल्यांत तोडली, लाकडी सांगाडा ड्रायवॉलखाली (जिप्समच्या पत्र्यांखाली) झाकला किंवा फळ्यांत मोठमोठ्या काचा बसवल्या, की बार्नपण जातं आणि क्रेडिटही.

ओसरी
म्हणजे घरावरच्या कामाशी क्रेडिटचा संबंध नाही, बरोबर?

ताळेबंद
संबंध आहे. घर आणि बार्न एकाच शेताचे भाग होते आणि मालकही एकच, तर सगळ्या कामाची तपासणी एकत्र होते. घरावरचं चुकीचं काम बार्नचं क्रेडिट घालवू शकतं.

चुनखडी
म्हणूनच सिमेंट नको. १८५० च्या विटा मऊ, सांध्यात चुना. ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि घट्ट. ओल विटेत अडकते, थंडीत गोठून फुगते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, वीट गेलेली.

सांधा त्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल, हाताने छिन्नीने मोकळा करा. ग्राइंडर विटांच्या कडा खातो. धूळ काढून सांधा ओलसर करा, पण पाणी साचू देऊ नका. चुन्याचा माल पाव इंचाच्या थरांत दाबा. आधीचा थर अंगठ्याच्या ठशाइतका घट्ट झाल्यावर पुढचा. तापमान ४० अंश फॅरनहाइटखाली जाणार असेल तर काम थांबवा. वाळूचा रंग आणि दाणा जुन्या मालाशी जुळवा. सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने विटा साफ करणं) मात्र कुणी कितीही स्वस्तात सांगितलं तरी नाही: भाजलेल्या विटेचं कडक कवच एकदा गेलं की परत येत नाही.