बाळंतिणीच्या घरी जाऊन आधार देण्याचे काम: नर्सिंगचे शिक्षण नसताना या व्यवसायात यावे का?

प्रश्न

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी पाळणाघरात दीड-दोन वर्षांची मुले सांभाळते आहे. मागच्या वर्षी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणानंतर सहा आठवडे तिच्याकडे राहिले, तेव्हा बाळापेक्षाही बहिणीलाच आधाराची किती गरज आहे हे जवळून पाहिले. प्रसूतीनंतर घरी जाऊन आईवडिलांना मदत करण्याचे, ज्याला हल्ली पोस्टपार्टम डूला म्हणतात ते काम पूर्ण वेळ करावे, असे तेव्हापासून मनाने घेतले आहे. मात्र माझ्याकडे नर्सिंगची पदवी नाही, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत माझ्या हातून काही चूक झाली तर, ही भीती मन सोडत नाही. पदवीवाचून हे काम जबाबदारीने करता येते का, आणि पाळणाघरातला अनुभव इथे कितपत उपयोगी पडेल, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी हे काम अकरा वर्षे करते आहे. पदवी लागत नाही, कारण हे काम नर्सचे नव्हेच. डूला हा मूळचा ग्रीक शब्द, सेवा करणारी स्त्री या अर्थाचा. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये तो वापरला, तो नव्या आईला अंगावर पाजण्यात आणि बाळाची काळजी घेण्यात सोबत करणाऱ्या अनुभवी स्त्रीसाठी. प्रसूतीच्या वेळी सोबत करणारी डूला हा अर्थ पुढे रुळला. म्हणजे सोबत हाच या कामाचा गाभा आहे. निदान करणे, औषध सुचवणे, टाक्यांवर उपचार करणे यांतले काहीही आपण करायचे नाही.

पाळणाघरात तुम्ही कमावलेला धीर इथे रोज कामी येईल, पण तिथली एक सवय मोडावी लागेल. मूल रडले की उचलून आपल्याकडे घ्यायचे, हे तिथे कर्तव्य असते. इथे तेच नुकसान करते. पहिल्या वर्षी एका घरी मी बाळाचे सगळे अतिशय प्रेमाने केले: आंघोळ, लंगोट, ढेकर काढणे, झोपवणे. पंधराव्या दिवशी मी निघताना त्या आईने माझा हात धरून विचारले, "उद्या याला आंघोळ कशी घालू?" त्या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्या दिवसापासून तिच्या हातांना द्यायला हवे होते, आणि ते मी दिले नव्हते, याचे दुःख मला आजही आहे. त्यानंतर आईने आपणहून मागितल्याशिवाय मी बाळ तिच्या हातातून घेत नाही.

कसे, ते एका प्रसंगावरून सांगते. पहाटेचे तीन वाजलेले, चार दिवसांचे बाळ, पान्हा आलेला, स्तन दगडासारखे घट्ट झालेले आणि बाळाला तोंडात नीट धरता येत नाही म्हणून दोघेही रडत आहेत. अशा वेळी आई बाळाकडे वाकत जाते, खांदे वर चढतात आणि पाठ भरून येते. मी फक्त तिच्या पाठीशी उशी दिली, तिला मागे रेलायला सांगितले आणि आधी हाताने थोडे दूध काढायला लावले, म्हणजे स्तनाग्राभोवतीचा भाग मऊ होतो. मग बाळाचे पोट तिच्या पोटाला लागेल असे तिनेच त्याला जवळ घेतले आणि त्याने मोठा आ करेपर्यंत ती थांबली. हनुवटी स्तनाला टेकली, गालांना खळ्या पडणे थांबले आणि गिळण्याचा बारीक आवाज येऊ लागला. माझे हात सगळा वेळ माझ्याच मांडीवर होते. दुसऱ्या रात्री तिने मला उठवले नाही.

प्रतिसाद २

मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. तुमच्या भीतीबद्दल मात्र थोडे लिहिते, कारण ती भीती योग्य आहे आणि तिला ज्ञानाची जोड दिली तर तीच तुमच्या उपयोगी पडेल. नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा पिते. पहिल्या काही दिवसांत त्याचे वजन थोडे उतरते आणि बहुधा दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वेळेइतके होते. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा किंवा अधिक लंगोट ओले होणे हे दूध पुरत असल्याचे चांगले लक्षण आहे. हे पाठ असले म्हणजे विनाकारण घाबरणे टळते. उलट, अंगात ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असणे, पिण्यासाठी जागेच न होणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर घरी वाट पाहत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, उशी-पांघरुणाच्या ढिगाशिवाय झोपवावे, हा नियम कोणी कितीही आग्रह केला तरी सैल करू नये. तान्ह्या बाळासाठीच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण प्रत्यक्ष हाताने सराव करून घ्यावे आणि डांग्या खोकल्याची लस स्वतः घेतल्यावाचून कोणाच्या घरी जाऊ नये.

आईकडेही तितकेच लक्ष हवे. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी, एकाच पोटरीत दुखणे व सूज: ही लक्षणे थकव्याच्या नावावर खपवू नयेत.

प्रतिसाद ३

आमच्या जुळ्यांच्या वेळी आम्ही अशी मदत घेतली होती, म्हणून वडील या नात्याने लिहितो. सहाव्या दिवशी पत्नीला कारणावाचून रडू येत होते, तेव्हा आमच्या सहायिकेने शांतपणे सांगितले की पहिल्या दोन आठवड्यांत असे भरून येणे बहुतेकींना होते आणि ओसरते. तिसऱ्या आठवड्यातही ते ओसरले नाही, मुले झोपली तरी पत्नीला झोप येईना. तेव्हा त्यांनीच आम्हा दोघांना समोर बसवून डॉक्टरांशी बोलायला सांगितले आणि फोन लावेपर्यंत त्या उठल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो, हे मला नंतर कळले. त्या वेळी आमच्या घरात ते ओळखणारे दुसरे कोणी नव्हते. आणखी एक: त्यांनी मला कधीही बाहेरचा मानले नाही. रात्रीच्या एका पाजण्यानंतर ढेकर काढण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले, तेव्हापासून ते माझेच झाले.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरते. आजी किंवा सासूबाई एक सांगतात आणि डॉक्टर दुसरे, अशा वेळी सहायिकेने कोणाची बाजू घ्यावी? आणि कामाच्या अटी आधीच लिहून घेणे लोकांना परके वाटत नाही का?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

बाजू आईची घ्यावी. बाळाला अपाय होणार असेल तिथे मात्र स्पष्ट बोलावे, तेही आजींच्या अनुभवाचा मान राखून आणि सर्वांसमोर नव्हे. आजींना बाळाला मांडीवर घेऊन बसायला, आईच्या खोलीत पाणी नेऊन द्यायला काही ठरलेले काम मिळाले की निम्मे वाद होतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

अटी जरूर लिहून घ्या. दिवसाचे किती तास, रात्री राहायचे की नाही, स्वयंपाक आणि कपडे कामात धरायचे का, तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल, बाळ तारखेच्या तीन आठवडे आधी जन्मले तर काय, हे सगळे गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवावे, कारण बाळंतपणानंतर हे बोलायला त्या घरात कोणाच्या अंगात त्राण नसते. सलग रात्री मात्र सुरुवातीला घेऊ नका. स्वतःची झोप मोडून सहाव्या रात्री बाळाला सुरक्षित धरता येत नाही, आणि हे कुटुंबाला आधी स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. पहिली दोन-तीन घरे एखाद्या अनुभवी सहायिकेबरोबर करा.