इंडोनेशियात धर्म मंत्रालय मदरसे चालवतं म्हणजे नेमकं काय?

सातपूरकर_वहिनी
नमस्कार मंडळी. यांची सातपूरची कंपनी यांना जकार्ताजवळ बेकासीला पाठवतेय. मी आणि सातवीतली मुलगीही जाणार. घर दाखवणाऱ्यानं फोटो पाठवले. समोरच सरकारी मदरसा, मुली युनिफॉर्ममध्ये, खिडकीतून केमिस्ट्रीची लॅब दिसतेय आणि पाटीवर चक्क धर्म मंत्रालय! सासूबाई तेव्हापासून गप्प आहेत. हे खातं शाळा कशाला चालवतं? आणि आमच्या मुलीला तिकडे कुठला धर्म शिकवतील?

गोदाकाठ
वहिनी, मी सुराबायाला साखर कारखान्यांची मशिनरी बसवण्यात बरीच वर्षं घालवली, आता गंगापूर रोडला निवांत आहे. सासूबाईंना सांगा, त्या मदरशात गणित-विज्ञान रीतसर शिकवतात. 1975 साली तिथल्या तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला: मदरशात किमान 70 टक्के सामान्य विषय हवेत आणि तिथला दाखला साध्या शाळेच्या दाखल्याइतकाच धरायचा. सेरपोंगचा सरकारी मदरसा 'इन्सान चेंदेकिया' तर असा, की प्रवेशासाठी पालक देव पाण्यात घालून बसतात. जकार्ताच्या सरकारी इस्लामी विद्यापीठातून डॉक्टर बाहेर पडतात, तेही याच मंत्रालयाचं.

बाकी मदरसे बहुतेक खासगीच. निवासी असतात त्यांना पेसान्त्रेन म्हणतात, त्यांच्यासाठी 2019 मध्ये वेगळा कायदा झाला.

आता मंत्रालय का? 18 ऑगस्ट 1945 ला घटनेच्या मसुद्यातून 'मुसलमानांना शरियत पाळणं बंधनकारक' असं वाक्य काढलं, पूर्वेकडचे ख्रिश्चन बिथरू नयेत म्हणून. नाराज झालेल्यांची समजूत काढायला 3 जानेवारी 1946 ला हे मंत्रालय उभं राहिलं, असं तिथले जाणकार मानतात. मला तो तोडगा हुशारीचा वाटतो. पण एकदा सरकारनं हात घातला की कुठपर्यंत जातो बघा. मुसलमानाचं लग्न नोंदायचं तर तालुक्याच्या धर्म कार्यालयात, ज्याला तिथे 'का-उ-आ' (KUA) म्हणतात. ऑफिसात, ऑफिसच्या वेळेत केलंत तर फुकट. हॉलवर बोलावलंत तर 6,00,000 रुपिया. (घाबरू नका, आकडे तिथे असेच असतात, चहासुद्धा हजारांत.) रमजान कधी सुरू हेही मंत्रालयाची बैठक ठरवते. मुहम्मदिया ही मोठी संघटना मात्र चंद्राच्या स्वतःच्या गणितानं चालते, म्हणून 2023 मध्ये त्यांची ईद 21 एप्रिलला आणि सरकारची 22 ला. आमच्या वर्कशॉपमध्ये अशा वर्षी सुट्टीवरून जी ओढाताण व्हायची, विचारू नका.

मालेगावचा_मास्तर
काका, माहिती छान, पण 'हात घातला' हे जरा एकांगी वाटतं. मी इथे उर्दू शाळेत शिकवतो. आपल्याकडे उलटं आहे. दिल्लीचं अल्पसंख्याक मंत्रालय 2006 चं. ते शिष्यवृत्त्या, वक्फ, हज बघतं. मदरशाचा अभ्यासक्रम ठरवत नाही. सरकारच्या पूर्ण पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, कलम 28. उत्तर प्रदेशासारखं मदरसा बोर्डही महाराष्ट्रात नाही. मदरसा चालतो तो जकातीवर (नाक्यावरची नव्हे, मुसलमानांचं धर्मदान) आणि बकरी ईदच्या कातड्यांच्या पैशावर, आणि कातड्याला हल्ली भाव राहिलेला नाही. राज्याच्या झाकिर हुसेन योजनेतून गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना मानधन मिळतं; ऑक्टोबर 2024 मध्ये डी.एड.वाल्यांचं 6,000 वरून 16,000 केलं. त्याआधी 6,000 मध्ये कोण टिकणार? माझा मेहुणा सोडून पॉवरलूमवर गेला. तिकडे मदरशाच्या दाखल्यावर मेडिकलला जाता येतं, हे वाचून हेवा वाटला खरा.

गोदाकाठ
सर, पगाराचं मान्य. तिकडेही खासगी मदरशातल्या कंत्राटी गुरुजींची रड तुमच्यासारखीच, फक्त रडायला एक मंत्रालय आहे. माझी तक्रार दुसरी आहे. तिथे सरकारनं मानलेले धर्म सहाच: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध, कन्फ्युशियन. त्यात न बसणाऱ्या आदिवासी श्रद्धा पाळणाऱ्यांना 2017 च्या न्यायालयाच्या निकालापर्यंत ओळखपत्रावर धर्माचा रकाना कोरा ठेवावा लागे.

द्वारका_सर्कल
म्हणजे हिंदूंचंही खातं त्याच मंत्रालयात?

गोदाकाठ
हो, वेगळं महासंचालनालय आहे. बालीतल्या देनपसारला सरकारी हिंदू विद्यापीठसुद्धा.

वहिनी, तुमचा प्रश्न राहिलाच. 2003 च्या शिक्षण कायद्यानं प्रत्येक मुलाला स्वतःच्या धर्माचा तास, त्याच धर्माच्या शिक्षकाकडून, असा हक्क दिलाय. प्रत्यक्षात हिंदू मुलं कमी असली की शाळा त्यांना रविवारी देवळातल्या वर्गाला पाठवते आणि तिथले गुण शाळेत धरते. जकार्तात रावामांगुनला 'पुरा आदित्य जया' आहे, तिथे चौकशी करा. पद्धत बाली बेटाची, त्यामुळे आपली आरती मिळणार नाही. कंपनी इंटरनॅशनल शाळेची फी देणार असेल तर धर्माच्या तासाचं काय ते प्रवेशाआधी शाळेकडून लेखी घ्या.

सातपूरकर_वहिनी
काका, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना आता फक्त तिथे तुळस येते का ते हवंय.

गोदाकाठ
'केमांगी' म्हणून बाजारात जुडी मिळते, तुळशीच्याच कुळातली. लोक ती तळलेल्या माशाबरोबर कच्ची खातात, हे मात्र सासूबाईंना सांगू नका. बी नाशिकहून न्यायचं मनात असेल तर आधी विमानतळावरचे क्वारंटाइनचे नियम बघा.

मालेगावचा_मास्तर
ताई, त्या समोरच्या मदरशाचं सातवीचं गणिताचं पुस्तक मिळालं तर दोन-चार पानांचे फोटो टाकाल का? भाषा नाही कळली तरी गणितं कळतील.